रिपोर्ट चांगला आला

नाय हो वन्सं, भांडण कसलं? तुमच्या भावानं तुमाला केळव्याहून एवढ्या उन्हात बोलावून घेतलं म्हणजे काहीतरी सांगितलंच असेल — मंदा माझ्याशी बोलत नाय, मंदा पोरीजवळ निजते, असंच ना? — पण भांडण नाय झालं. तुमी टेका भिंतीला. पंखा लावते, लाईट हाय आज.

कुठनं सांगितलं त्यांनी? आजारापासनं? म्हणजे त्याच्या आधीचं नाय सांगितलं. बरं, मग मीच सांगते. ह्यांचा फोरमन रिटायर झाला, त्याची पार्टी म्हणून चौघंपाचजण कंपनीच्या टेम्पोत बसून मनोरकडे हायवेला गेले. प्यायले. ढाब्याच्या मागं एक खोली होती, तिथं बाई होती. मित्रांनी ह्यांना आत ढकललं — ढकललं म्हणजे काय, हे गेले. आपल्याच पायांनी गेले ना? तिनं जवळ बसवलं, तोंडाला तोंड लागलं, अंगावरनं हात फिरवला, आणि ह्यांची गाळण उडाली. उठून बाहेर आले. एवढंच. पोरीची शपथ घेऊन सांगितलंय मला. कपडेसुद्धा — जाऊ दे, तुमी बहीण त्यांची.

पुढं थोड्या दिवसांनी ताप आला. साधाच, तेव्हा आमच्या अख्ख्या बेटेगावात होता, पोरीलाही येऊन गेला. पण बोईसर स्टेशनाबाहेरच्या भिंतीवर एड्सचं रंगवलेलं असतं ना, ते रोज येता-जाता वाचायचे, टीव्हीवर तेच — झालं, डोक्यात बसलं. आरशापुढं जीभ काढून उभे. गळ्याशी बोटं — गाठ लागते का बघ, इथं, इथं. कंपनीत पिंपं वजन करायचा काटा हाय त्याच्यावर उभे राहायचे, घरी येऊन म्हणायचे, उतरलो. खात नव्हते तर उतरणार नाय? ताट वेगळं केलं, ग्लास वेगळा केला. पोरगी धावत आली की हात पाठीमागं घ्यायचे. मला वाटलं, कंपनीत काय केमिकल सांडलं अंगावर.

एक दिवस मी ते ताट घासायला ओढलं तर ओरडले, "हात लावू नकोस!" आणि खाली बसले. मग सगळं सांगितलं. लहान पोरासारखे रडले वन्सं. "मी मरणार, तुलाही मारणार" — हेच चाललेलं. मी काय केलं असेल? त्यांच्या ग्लासात उरलेलं पाणी होतं, ते त्यांच्यासमोर पिऊन टाकलं. म्हटलं, व्हायचं ते दोघांना होऊ दे. राग? तेव्हा कुठला राग. मरणाऱ्या माणसावर कोण रागावतं?

डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. ते भले माणूस. म्हणाले, "अहो, एवढ्यानं हा रोग होत नाही. ताटातनं नाही, पोरीला उचलल्यानं नाही. मनाच्या समाधानासाठी तीन महिने झाल्यावर रक्त तपासा आणि सोडून द्या." ह्यांना कुठलं पटायला? तोवर घरात मयत असल्यासारखं. मी मनात सगळं करून मोकळी झालेले — कंपनीत पॅकिंगला बायका घेतात, तिकडे लागायचं, पोरीला तुमच्याकडे ठेवायचं. तुमाला न विचारताच ठरवलेलं, हसू नका.

मग रक्त मुंबईला गेलं आणि रिपोर्ट चांगला आला. ह्यांनी डॉक्टरच्या पायाला हात लावला. येताना सातपाटीच्या कोळणीकडनं पापलेट घेतलं, हे मोठालं. पोरीला खांद्यावर बसवून घरात आले. मी तळलं, वाढलं. हे म्हणाले, "सुटलो गं मंदा." ते सुटले. मी बघत होते त्यांच्याकडे, आणि मला काय वाटतच नव्हतं. आता वाटेल, मग वाटेल, म्हणून वाट बघितली. नाय.

माफ? केलंय की. केव्हाच केलंय. ते हात लावतात तेव्हा मी हात झटकत नाय, विचारा त्यांना. बरं वाटत नाय, वाईट वाटत नाय. सुई टोचून दात काढतात, मग गाल आपलाच पण आपला नाय — तसं. आणि तुमी म्हणता ते मलाही कळतं, काय घडलंच नाय तर संसाराला कशाला खोट आणायची. तपासलंय ना. दोघांचंही चांगलं —

हो. दोघांचं. माझंही तपासलं मी. पालघरला जाऊन, एकटीनं. घरी सांगितलं, मावशीला बघायला जाते. तिथला माणूस म्हणाला, बाई, तुमाला कशाला तपासणी करायचीय? मी म्हटलं, सुई टोच तू. हे म्हणाले ना, एवढंच झालं, आणि मी ह्यांना म्हटलं, पटलं. डॉक्टरसमोरही म्हटलं. मी ह्यांच्या ग्लासातलं पाणी प्यायले तेव्हाही पटलं होतं. तरी मी पालघरला गेले. का गेले? पटलं असतं तर गेले असते का? माझाही चांगला आला. म्हणजे ते खोटं बोलले नसतील. नसतीलच. पण मला ते त्या कागदावरनं कळलं वन्सं, त्यांच्या तोंडावरनं नाय.

हे नव्हतं सांगायचं मला. त्यांना बोलू नका. — नायतर बोला, काय फरक पडतो.

सायकल लावल्याचा आवाज झाला, आले वाटतं. पदरानं डोळे पुसा आधी. जा, बाहेर ओट्यावर बसा त्यांच्याशी, किती दिवसांनी भेटताय. मला भात टाकायचाय.