टॉवर, मी ढगात आहे

लेक : विमानाचं नाक इतकं खाली नको गं. स्क्रीनवर आकाश दिसलं पाहिजे, तुला नुसता समुद्र दिसतोय.

आई : मला समुद्रच बरा वाटतोय. बघ ना किती संथ आहे, इस्त्री केल्यासारखा.

लेक : त्या इस्त्रीवर आपटशील. जॉयस्टिक हलकेच स्वतःकडे ओढ. हलकेच म्हटलं.

आई : ओढली. आलं बघ वर. रोज दुपारी ते झोपले की चोरून शिकतेय, एवढं तर जमायलाच हवं.

लेक : जमतंय की. आता हेडफोन घाल. बाबा आतल्या खोलीत त्यांच्या कॉम्प्युटरपुढे बसलेत, खेळातला विमानतळाचा टॉवर लावून दिलाय त्यांना. आज ऑनलाइन आपल्याशिवाय कुणी नाही, तेव्हा मराठीत बोललीस तरी चालेल.

आई : त्यांना काय सांगितलंस?

लेक : एवढंच, की एक नवशिकं विमान येतंय, कुणीतरी सांभाळून उतरवून घ्यायला हवं. तूच आहेस ते नाही सांगितलं.

आई : मग काय म्हणाले?

लेक : मान हलवली. हो की नाही, मला कळलं नाही.

आई : आजारपणापासून सगळा संसार मानेवरच चाललाय आमचा.

लेक : डॉक्टर म्हणतात शब्द आत आहेत. बोलायचा सराव हवा.

आई : सराव करायला तोंड तर उघडायला हवं. शेजारचे भेटायला आले होते बघ, तेव्हा तुझे बाबा पाणी मागायला गेले आणि तोंडातून आलं छत्री. सगळे हसले. प्रेमानंच हसले, मीही हसले. त्यानंतर ओठ मिटले ते मिटलेच. भूगोलाचे सर गं ते. शेवटच्या बाकावरचा मुलगा दचकून जागा व्हायचा, असा आवाज.

लेक : निवृत्त झाल्यावर तोच आवाज इथं कामाला आला. कुठली कुठली माणसं घरात बसून कॉम्प्युटरवर विमानं उडवायची आणि बाबा एकेकाला रांगेत लावून खाली घ्यायचे.

आई : आणि मी दारात उभी राहून म्हणायचे, विमानं खोटी, टॉवर खोटा, जेवण मात्र खरोखरचं गार होतंय.

लेक : पुरे. किनारा जवळ आला. आधी टॉवरला हाक, मग तू कोण, म्हणजे तुझ्या विमानाचं नाव, बुलबुल, मग कुठे आहेस आणि काय हवंय.

आई : पाठ आहे मला. ते जे सांगतील ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे नीट ऐकलं की नाही ते त्यांना कळतं. आमच्या लग्नात ही पद्धत असती तर निम्मी भांडणं वाचली असती.

लेक : बटण दाब आणि बोल. मी त्यांच्या दाराशी उभी राहते, तिथून तूही दिसतेस आणि तेही.

आई : टॉवर, मी बुलबुल. समुद्रावर आहे, विमानतळाच्या पश्चिमेला, उंची दोन हजार फूट. उतरायचंय मला.

(आतल्या खोलीत खुर्ची करकरते.)

आई : काहीच ऐकू येत नाही.

लेक : पाठ ताठ झालीय त्यांची. आवाज ओळखला. परत हाक मार.

आई : टॉवर, बुलबुल. ऐकताय का?

लेक : ऐकतायत.

आई : जाऊ दे गं. उगाच त्रास देतोय आपण त्यांना.

लेक : आई, बोट बटणावर गेलंय त्यांचं. तू आता मध्ये बोलू नकोस. जागा दे त्यांना.

बाबा : बु... बुलबुल. टॉवर.

लेक : आई. उत्तर दे ना. रडतेस काय?

आई : टॉवर, बुलबुल. ऐकतेय मी.

बाबा : बुलबुल, दिशा... शून्य नऊ शून्य. उंची पंधराशे.

आई : दिशा शून्य नऊ शून्य. उंची पंधराशे. बुलबुल. अगं, साधं 'दे' म्हणता येत नव्हतं त्यांना सकाळी.

लेक : हे वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं आहे. त्याचा कप्पा वेगळा असेल, तो शाबूत राहिला असेल. वळ आता, समोर ढग येतोय.

आई : कसला मऊ आहे गं. उशीत तोंड खुपसल्यासारखं झालं. कुठे वर, कुठे खाली, काही कळेना. टॉवर, मी ढगात आहे. सगळं पांढरं दिसतंय.

बाबा : बुलबुल, बाहेर... बाहेर बघू नको. काटे. समोरचे काटे बघ.

आई : बाहेर बघत नाही. समोरचे काटे बघतेय. पंख सरळ आहेत, उंची पंधराशे. बुलबुल.

बाबा : बुलबुल, डावीकडे वळ. दिशा एक दोन शून्य.

आई : डावीकडे... टॉवर, मी शून्य नऊ शून्यवर आहे, एक दोन शून्य उजव्या हाताला येतं. डावीकडे डोंगर आहे ना?

लेक : आई, थांब. हेडफोन काढला त्यांनी. मांडीवर ठेवलाय.

आई : मी काय वावगं बोलले?

लेक : काही नाही. तसंच बोलायचं असतं. पण त्यांचा चेहरा... त्या दिवशी पाण्याच्या वेळी झाला होता तसाच झालाय. मी येऊन बंद करू का हे?

आई : हात लावायचा नाही. टॉवर, बुलबुल. मी अजून ढगातच आहे. कुठे वळू ते सांगा. मला माझं माझं खाली येता येत नाही.

लेक : हेडफोनमधून येतोय तुझा आवाज. तेवढाच, बारीकसा. ते बघतायत त्याच्याकडे.

आई : टॉवर, मी थांबलेय.

लेक : उचलला. घातला परत.

बाबा : बुलबुल. करेक्शन. उजवीकडे. एक दोन शून्य.

आई : उजवीकडे, एक दोन शून्य. वळतेय. बुलबुल. करेक्शन म्हणजे गं?

लेक : चुकीचा शब्द गेला की तेवढंच म्हणायचं आणि बरोबर शब्द सांगायचा. सगळेच म्हणतात, रोज म्हणतात. कुणी हसत नाही.

आई : एवढं सोपं आहे होय.

बाबा : बुलबुल, खाली ये. हजार फूट. हळूहळू.

आई : हजार फुटांवर येतेय, हळूहळू. बुलबुल. पांढरं विरळ व्हायला लागलंय गं. कुणीतरी पडदा धुऊन वाळत घातलाय आणि त्याच्यामागून ऊन येतंय असं. आता फाटला. आता... टॉवर, रनवे दिसला. सरळ समोर आहे.

बाबा : बुलबुल, उतरायला परवानगी आहे. वारा समोरून. मंद.

आई : उतरायला परवानगी. वारा समोरून, मंद. बुलबुल.

लेक : वेग कमी कर. चाकं सोड खाली.

बाबा : अगं.

लेक : काय म्हणाले?

आई : बोला ना.

बाबा : घाई... घाई आहे का तुला?

लेक : आई, हे त्या कप्प्यातलं नाही.

आई : कळतंय मला. नाही हो, कसली घाई. संध्याकाळ सगळी मोकळी आहे.

बाबा : मग अजून... एक फेरी मार. समुद्रावरून.

आई : अजून एक फेरी, समुद्रावरून. वर येतेय परत.

बाबा : आणि सांग.

आई : काय सांगू?

बाबा : दिसतं ते.

आई : ऊन तिरपं झालंय. पाण्यावर लांबच लांब सांडलंय, आणि त्यातून एक होडी चाललीय. तिच्या मागे पांढरी रेघ उमटतेय आणि पुसतेय. किनाऱ्यावर घरं आहेत, काडेपेट्यांएवढी. अंगणात कुणी नाही, पण दिवे लागलेत. तुमचा टॉवरही दिसतोय इथून. एवढासा आहे. वरती काचेमागे उजेड आहे.

बाबा : मी... मी हात हलवतोय.

आई : दिसला.