बारापर्यंत ती, सातनंतर तो

— नाही, उठणार नाही. आणि ती ‘राखीव’ची पाटी माझ्या पुढ्यात परत परत सरकवू नका, मला वाचता येतं. बुधवार, संध्याकाळी आठ, खिडकीजवळचं टेबल — माहितेय हो! ज्यांच्यासाठी राखून ठेवलंय ना, त्यांच्याबरोबर चौदा वर्षं संसार केलाय मी. तुम्ही नवे मॅनेजर ना? महिनाच झाला असेल? तरीच. त्या जुन्या वेटरना विचारा — ते बघा, काउंटरमागे ग्लास पुसतायत. मघापासून तोच एक ग्लास. त्यांना सगळं ठाऊक आहे, म्हणून तर तुम्हाला पुढे ढकललंय.

तर ऐका. आम्ही वेगळे झालो त्याला दोन वर्षं होतील. अगदी शहाण्यासारखे झालो. कपाट मला, गाडी त्यांना, मिक्सर मला — मिक्सरवरूनसुद्धा कुणी चकार शब्द काढला नाही. मग भांडलो कशावरून? तुमच्या या हॉटेलावरून! आता घरं दोघांची याच गल्लीच्या दोन टोकांना, आणि गल्लीत धड खायला मिळतं ते इथेच. ते म्हणाले मी येणार, मी म्हटलं मीच येणार — शेवटी माझ्या मावशीने दोघांना याच टेबलाशी बसवलं आणि तुमच्याच टिश्यू पेपरवर लिहून काढलं — बारापर्यंत ती, सातनंतर तो. खाली दोघांच्या सह्या. पेन टेकवलं की कागद फाटायचा, तरी केल्या. हसताय? हसा, हसा, मीही दुसऱ्या कुणाचं असतं तर पोट धरून हसले असते. म्हणजे ब्रंच माझ्या वाट्याला आणि डिनर त्यांच्या — आवळा देऊन कोहळा काढला की हो माझ्याकडून! ब्रंच म्हणजे तरी काय? उशिरा उठणाऱ्यांचा नाश्ता, त्याला भारी नाव. दोन अंडी, टोस्ट, परतलेले बटाटे, आणि चारी बाजूंना दुसऱ्यांची पोरं ज्यूस सांडतायत. आणि तुमचा तो लोण्यातला मासा, लिंबाच्या चकत्या घातलेला — तो फक्त संध्याकाळी! दोन वर्षांत चव नाही. वास मात्र येतो. बुधवारी या फुटपाथवरून जाते तेव्हा येतो. — आता फुटपाथ काही त्या कागदावर वाटून दिला नव्हता! डॉक्टरांनी चालायला सांगितलंय मला. बुधवारीच चाला असं नाही सांगितलं, पण... तुम्ही गप्प उभे राहून फार प्रश्न विचारता हो.

तर मुद्दा काय, की करार मी मोडलेला नाही. गेल्या रविवारी साडेदहाला मी आले, दार ढकलते तर काय — माझ्या वेळेला, माझ्या टेबलाशी गृहस्थ बसलेले! सोबत माझी नणंद. म्हणजे आधीची नणंद — नणंद कधी माजी होते का हो? जाऊ दे. बहीणभाऊ मजेत पॅनकेक खातायत, आणि मध टेबलभर. चोर तो चोर, वर शिरजोर! मी तशीच मागे फिरले, घरी गेले, ओट्याशी उभ्या उभ्या चहात पाव बुडवून खाल्ला. आणि खरं सांगू? — असा आनंद झाला मला! म्हणजे रागच, पण आनंदाचा. म्हटलं, मोडला! मोडला एकदाचा! दोन वर्षं वाट बघत होते मी, हा माणूस कधीतरी — वाट नाही, वाट कशाला बघू — लक्ष होतं. करार म्हटला की कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं. सोमवारी हा ड्रेस इस्त्रीला टाकला. काल आरशासमोर सगळं पाठ केलं. मी म्हणणार, तुम्ही सकाळ घेतलीत, मी संध्याकाळ घेतली. ते म्हणणार, ताई एका दिवसापुरती आली होती. मी म्हणणार, कागदावर ताईचं नाव दाखवा. ते म्हणणार, तू हट्टी ती हट्टीच. मग मी म्हणणार — आणि तिथून पुढे निदान अर्धा तास धरा. पाण्याचा जग भरून ठेवा, दोघांचाही घसा सुकतो.

आले. वळून बघू नका हो! बारीक झालेत की... असू दे, मला काय. जा, सांगा त्यांना, टेबल गेलं म्हणावं. कुणी घेतलं तेही सांगा, चांगलं बोट दाखवून सांगा. जा!

...काय म्हणाले? ‘बसू द्या’? बस्स, एवढंच? हट्टी वगैरे काहीच नाही? आणि कोपऱ्यातलं चालेल म्हणाले, किचनच्या दाराशी? चालेल कसं! दार उघडलं की धूर थेट तोंडावर, लगेच खोकला होतो त्यांना. अहो, चौदा वर्षांत या माणसाने पांघरुणाचं एक टोक सोडलं नाही मला, आणि आज अख्खं टेबल — न भांडता? हा कुठला रडीचा डाव! मला बघितलं ना त्यांनी? नीट? मग? नुसती मान हलवली?

बरं. म्हणजे मी जिंकले. सरळच आहे. — असे कीव आल्यासारखे काय बघताय? मी उठून तिकडे जाईन असं वाटतंय? मुळीच नाही. पाऊल उचलणार नाही मी. त्यांना यायचं असेल तर पाय आहेत त्यांना. नाही ना, ती समोरची खुर्ची उचलू नका! राहू द्या. पर्स ठेवायला लागते मला. — पर्स मांडीवर आहे ते मलाही दिसतंय. जा तुम्ही.