सही बरोबर

कुपवाडच्या कारखान्यात माल बाद झाल्याचं कळलं, त्या दिवशी पलूसच्या एसटीत तिथले हे दोघं कामगार गप्प होते. आज बोलत होते. बायको पारू गेल्यापासून मी याच गाडीनं मुलीकडं जेवायला जातो.

“धम्मपाल, हस की गड्या! सुटलास.”

“सगळे म्हणत हुते, माप मीच बदललं.”

“पुण्याच्या कंपनीनं माप धाडलेल्या ईमेलवर तर डिजिटल सही हुती.”

“सहीखाली कुणीतरी वाटेत दुसरं माप घुसवलं. ते न तपासताच ईमेलची सही तपासनारा प्रोग्राम म्हणाला, सही बरोबर! प्रोग्रामवाल्यांनी आज चूक कबूल केली.”

“मायावहिनीला फोन केलास?”

“न्हाई. समोर बसून सांगनार.”

“त्या दिवसापास्नं तिच्या घशाखाली घास न्हाई, आन ह्याला समोर बसायचंय!”

“आजोबा, दाराजवळची जागा द्या की. पयला उतरतो.”

मी उठून धम्मपालला जागा दिली. पलूस अजून लांब होतं. त्याचं मायाला सांगायचं राहिलं होतं.