लेडीज तिकडे बसतात

मी शाळेत डबा एकटा काहून खातो, हे विचारून राहिले ना तुम्ही? ऐका मग.

इकडे हिंदी मुलखात, आमच्या गढा वस्तीतल्या शाळेत पहिले सगळे सरच होते. स्टाफरूमच्या मोठ्या टेबलावर आम्ही सहाजण डबे खायचो. मग बाकीचे पाचही रिटायर झाले आणि त्यांच्या जागी मॅडम आल्या. त्या सगळ्या खिडकीजवळच्या टेबलावर बसतात, भाज्या वाटून घेतात, हसतात. मोठ्या टेबलावर मी आणि माझा डबा.

मागच्या महिन्यात हिंमत केली. सुनीता मॅडम त्यांच्यात सगळ्यात जुन्या, आपल्याच मराठी. म्हटलं, "मॅडम, मला कधी जेवायला बोलावत काहून नाही?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, नवीन होते तेव्हा मी डबा घेऊन तुमच्या टेबलाशी आले होते. तुम्ही म्हणाले, दीदी, लेडीज उधर बैठती हैं."

मला आठवलं. "ते तर मी इज्जतीनं म्हटलं होतं. तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून."

"अच्छा. पण तेव्हा शाळेत लेडीज मी एकटीच होते, सर. दुसरी मॅडम यायला चार वर्षं लागली."

त्यांनीच खिडकीजवळ एक खुर्ची सरकवली. "चला, आज या."

ती खुर्ची त्या आता रोज रिकामी ठेवतात. तुम्हीच सांगा, कोणत्या तोंडानं जाऊन बसू?