मीटरचे बारा व्होल्ट

लिहिण्यात चुका होतील आणि शब्दही साधेच आहेत. आठवीत शाळा सुटली माझी, सांभाळून घ्या.

पळस्प्याच्या आमच्या गॅरेजात जासईच्या एका शेठची ऑटोमॅटिक गाडी आली. तिसऱ्या गिअरमध्येच अडकलेली. मी गिअरच्या कंट्रोलरचा सॉकेट काढून मीटर लावला, बरोबर बारा व्होल्ट. म्हणालो, "करंट येतोय, म्हणजे कंट्रोलरच गेलाय. नवा लागेल." शेठचा चेहरा उतरला.

आमचे वायरिंगवाले दामूकाका म्हणाले, "थांब रे." त्यांनी त्याच सॉकेटला हेडलाइटचा बल्ब जोडला. बल्ब पेटेचना.

"पण काका, बारा व्होल्ट आहेत ना?"

"मीटर नुसता बघतो. ओझं बल्ब उचलतो. अर्थिंग बघ."

अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला जिथे कसतात, त्या बोल्टखाली करंट अडवणारा काळा रंग होता. गंज लागू नये म्हणून मागच्या सर्व्हिसिंगला मीच मारलेला. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि शेठला म्हणाले, "खाऱ्या हवेनं गंजला व्हता." रंग खरवडला, गाडी सुरळीत पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जासई गाठली. "शेठ, गंज नव्हता. माझ्या हातचा रंग होता."

शेठ हसले. "दामू बोलला व्हता, पोरगा सकाळी येल म्हणून."