साठ सेंटीमीटरचा चढ

चिझुरू : खोटं बोलू नका बाबा. गुडघा टम्म सुजलाय, आणि म्हणे काही नाही!

किहेई : खुर्ची घसरली.

चिझुरू : आईसाठी आणलेली चाकांची खुर्ची? ती तर रिकामी आहे.

किहेई : तेव्हा नव्हती. तांदळाची दोन पोती ठेवली होती. तीस आणि तीस किलोची. तुझी आई नि खुर्ची मिळून तेवढंच भरतं. अंगणातली उतरण ठोकून झाली, म्हटलं ढकलून बघू. अर्ध्यावर खांद्याने दगा दिला. पोती शाबूत आहेत.

चिझुरू : पोत्यांचं कोण विचारतंय? मला हाक मारायची ना!

किहेई : जेवता जेवता टेबलावर डोकं टेकून झोपली होतीस. चॉपस्टिक हातातच. कसं उठवणार?

चिझुरू : इस्पितळातल्या बाईंनी कागद दिला होता. एक चढायचं तर बारा आडवं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तुम्ही किती धरलंत?

किहेई : सहा.

चिझुरू : पन्नास वर्षं घरं बांधलीत तुम्ही!

किहेई : छपरावरून पाणी उतरवायचं असतं गं, बायको चढवायची नसते. दहाला चार, दहाला पाच, हाताला तीच सवय. सहाला एक मला सपाटच वाटलं.

चिझुरू : मुळात जोतं एवढं उंच घ्यायलाच नको होतं. आई तेव्हाही म्हणत होती.

किहेई : घर बांधलं त्या साली नदी जुन्या उंबऱ्याला लागली होती.

चिझुरू : त्यानंतर कधी आली?

किहेई : नाही आली.

चिझुरू : मग करा आता हिशोब. जोतं साठ सेंटीमीटर. बारा पट म्हणजे सातशे वीस. आणि दारापासून कुंपणापर्यंत अंगण आहे पाचशे दहा. नाही बसत. संपलं. ...बाबा, नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी आहे.

किहेई : तुला कोणी सांगितलं?

चिझुरू : मीच चौकशी केली. गेल्या बुधवारी.

किहेई : तुझ्या आईला, फुमिएला विचारलंस?

चिझुरू : अर्धांगवायू झाल्यापासून ती बोलते कुठे?

किहेई : डावा हात चालतो तिचा. एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही.

चिझुरू : विचारलं. दोनदा दाबला. मी परत विचारलं. परत दोनदा.

किहेई : मग?

चिझुरू : मग बाहेर जाऊन रडले. ती नाही म्हणाली म्हणून नाही, बाबा. तिने हो म्हणावं असं मला वाटत होतं, म्हणून. तीन आठवडे इस्पितळात खेपा घालतेय. मी थकलेय.

किहेई : दिसतंय मला.

चिझुरू : रागवा तरी.

किहेई : कशाला? पोती घसरली ना, तेव्हा क्षणभर मलाही तसंच वाटलं होतं. ...तो काटकोनी गुण्या दे इकडे. आणि पेन्सिल. जवाचा चहाही ओत, तुलाही घे.

चिझुरू : काय काढताय?

किहेई : साठचे दोन तुकडे. तीस नि तीस. तीसला बारा पट किती?

चिझुरू : तीनशे साठ.

किहेई : दारातून निघून तीनशे साठ. पुढे कुंपणाशी दीड मीटरचा सपाट ओटा. झाले पाचशे दहा. ओट्यावर वळायचं, आणि दुसरा तुकडा पहिल्याच्या शेजारून, परत घराकडे उतरत.

चिझुरू : आणि फळी? तिरपी आहे, तीनशे साठहून लांब लागणार.

किहेई : गुण्यावर एका बाजूला तीन घे, दुसऱ्या बाजूला छत्तीस. आता तिरपं मोज. नीट वाकून बघ.

चिझुरू : छत्तीस... आणि मिलिमीटरभर. जरासं जास्तच.

किहेई : धाकटा त्रिकोण जे सांगतो, तेच थोरला सांगतो. दहा पट कर. तीनशे साठ आणि वर सव्वा सेंटीमीटर.

चिझुरू : थांबा, फोनवर बघते. ...तीनशे एकसष्ट पूर्णांक पंचवीस. बरोबर आहे की! पण बाबा, हा दुसरा तुकडा तुमच्या कामाच्या छपरीतून जातोय.

किहेई : हो.

चिझुरू : पाडणार?

किहेई : उद्या जिन्पाचीला बोलावतो. तिशीपासूनचा कामातला जोडीदार आहे, दोन शिव्या देईल आणि येईल. फळ्या छपरीच्याच निघतील.

चिझुरू : राहू दे ना ती. सहाच्या चढावर मी ढकलेन आईला. रजा वाढवून घेते.

किहेई : रविवारी तू नागोयाला कामावर परत जायचंस.

चिझुरू : आणि तुमचा खांदा?

किहेई : त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं. सहाला एक चढ असला तर साठ किलोतले दहा अंगावर येतात. बाराला एक असला तर पाच. पाच किलो मी अजून ढकलतो. तुला बोलवावं लागणार नाही, एवढाच चढ हवाय मला.

चिझुरू : असं बोलू नका.

किहेई : चहा पी. निवतोय.

(गुरुवारी दुपारी. छपरी गेली आहे. चिझुरू खुर्चीत बसली आहे, किहेई मागून ढकलतो आहे.)

चिझुरू : मी आईपेक्षा जड आहे बाबा. उतरते.

किहेई : बस गं. जड आहेस तेच बरं.

चिझुरू : गुडघा?

किहेई : आहे जागेवर. समोर बघ.

चिझुरू : ...ओटा आला. थांबा.

किहेई : मला दम नाही लागला. अजून एक तुकडा जातो आरामात.

चिझुरू : माहीत आहे. तरी थांबा.

किहेई : का गं? रडतेस?

चिझुरू : नाही. नुसतं बसलेय. किती दिवसांनी.

किहेई : बस मग. तुझी आई उद्या घरी यायचीय.