कोरडा टावेल

हा? याले टावेल म्हणता तुम्ही? भाऊ, हा तं पापड हाय, वाजून पाहा — सारी खळ! एकदा धुतला का खळ जाईन नालीत अन् हाती राहीन मच्छरदाणी. अन् काठ काऊन एवढा रुंद? काठ काय पाणी पिते? नुसता दिखावा. अन् फीत कुठी हाय याले? खुंटीले कशानं अडकवू, तुमच्या नाकानं? हसू नका. सावरगावहून गठ्ठा घेऊन साऱ्या पांढुर्ण्यात दारोदार फिरता, अन् टावेलाले फीत लागते हे मी सांगू?

दुसरा दाखवा. हं, हा जाड हाय — पण जाड म्हणजे चांगला असं नाही बरं. पावसाळ्यात तीन-तीन दिवस वाळत नाही, मंग कुबट वास मारते. अन् हे धाग्याचे फासे पाहा केवढे, बांगडीत अडकले का सर्रकन उसवते. मले साधा पाहिजे. पांढरा, मऊ, फीतवाला, अन् न धुता पहिल्याच दिवशी पाणी पिणारा — उद्याच लागते. प्रमिलाचे बाबा परमनंट झाले ना, म्हणून हापिसातले नवे मोठे बाबू उद्या जेवाले येऊन राहिले.

मागं यांच्याच हापिसातले रघुनाथराव आले होते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या सणाले. मी नवाकोरा गुलाबी टावेल खुंटीवर ठेवला — तुमच्यासारख्याच एकाकडून घेतलेला. त्यानं हात धुतले, टावेलाकडं पाहिलं, अन् खिशातला रुमाल काढून हात पुसले. मंग म्हणे पोटात गडबड हाय, जेवत नाही. टोपलंभर वडे तळले होते मी, तसेच राहिले! हे म्हणाले, टावेलच खराब होता. मी बी म्हटलं, टावेलच — खळ असन, रंग जात असन, दुसरं काय असन? पण पोरगी माही, प्रमिला, सातवीत हाय, तिले सारं दिसते. आई, काकांनी टावेल काऊन नाही घेतला? मी म्हटलं, त्याले फीत नव्हती, हातातून सुटला. अशी खोटं बोलली मी पोटच्या पोरीशी! लाज वाटली मले, रातभर वाटली. आता उद्या ती खुंटीजवळच उभी राहीन, मी ओळखते तिले. म्हणून म्हणते, असा टावेल द्या का कोणाले बहाण्याले जागाच नको.

हा? हा पिते पाणी? नुसतं तोंडानं नका सांगू. हा लोटा घ्या — नाही, थांबा, हात पुढं करा, मीच टाकते पाणी, तुम्ही पुसून दाखवा. घाबरू नका, भिजला तं टावेल माहाच, तुमचं काही जात नाही. करा ना हात पुढं.

काऊन? मागं काऊन घेतले? — अन् आत भिंतीवर काय पाहून राहिले? बाबासाहेबांचा फोटो हाय. आत्ता दिसला काय? — काय म्हणता, हात साफच हायत? जाम नदी ओलांडून आले, उन्हातान्हात हा गठ्ठा वाहून राहिले, घाम मनगटावरून गळून राहिला, अन् हात साफ?

बरं.

टावेल चांगलाच हाय तुमचा, भाऊ. मागचा बी चांगलाच होता. बांधा गठ्ठा, उतरा ओट्यावरून.